वेट

क्लाक्सविकच्या बंदरात पाऊस आडवा येतो,
ऑफिसच्या खिडकीवर मिठाची साय धरते.
मी एका वाक्यावर बसले आहे,
आज नववा दिवस.
कोंबडी अंड्यावर बसते तशी, म्हणणार होते,
पण तिला निदान आत काय आहे ते ठाऊक असतं.

वाक्य 'वेट'चं. शेलचं अंगभूत फंक्शन,
काम एकच : पोटच्या प्रोसेस संपेपर्यंत थांबायचं.
जुन्या हेल्पमध्ये तेवढंच होतं,
"पोरं संपेपर्यंत थांबतो."
खोटं काही नव्हतं त्यात.
उरलेलं अध्याहृत होतं.

हॉग्नीने ते वाचलं होतं.
सालमनच्या तीन पिंजऱ्यांतला ऑक्सिजन मोजायला
त्याने रात्री तीन पोरं पाण्याकडे धाडली
आणि दाराशी वेट बसवला.
दुसऱ्या पिंजऱ्याचं पोर वाटेतच मेलं.
वेटने तिघांची वाट पाहिली,
मेलेल्यालाही परतलेल्यांत मोजलं,
आणि वर कळवलं : शून्य.

शेलच्या भाषेत शून्य म्हणजे सगळं क्षेम.
पहाटे पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती.

तो रागावला नाही. ओला कोट न काढता
माझ्या टेबलाशी उभा राहिला.
"तीन पाठवली, एक मेलं. मग शून्य कशाचं?"
मी म्हटलं, कुणाचा क्रमांक न देता नुसतं थांब म्हटलं
तर तो सगळ्यांसाठी थांबतो,
विचारत कुणालाच नाही.
"हे कुठे लिहिलंय?"
सोर्समध्ये, म्हटलं,
आणि माझी मलाच लाज वाटली.

म्हणून हे वाक्य.
पहिल्या मसुद्यात तेरा ओळी झाल्या,
त्यात थोडा हॉग्नी होता, बरेच मासे.
ताल्लिनहून उर्मासने दहा छाटल्या.
हेल्प आहे, म्हणाला, शोकसभा नव्हे.
मी दिवसभर चिडले,
रात्री अकरावी स्वतःच छाटली.

उरलं ते असं :
"क्रमांक दिले नाहीत तर सगळ्यांसाठी थांबतो
आणि, कोण कसं संपलं ते न पाहता, शून्य परत करतो.
निकाल हवा असेल तर एकेकाचा क्रमांक देऊन विचारा."

हॉग्नीने ते स्क्रीनवर बोट फिरवत वाचलं,
ओठ हलवत, दोनदा.
"शून्याचं आधी सांग," म्हणाला.
"रात्री तीनला माणूस अर्धंच वाक्य वाचतो."

आधी घेतलं. सेव्ह केलं.
मग स्क्रीनवरचा एक खवला
नखाने काढला.