बाहेरची रेघ

कुताइसीत हे काम आता संगणक करतो.
मी अजून पेन्सिलीनेच काढतो:
एक्स-रेवर पारदर्शक कागद, मागे दिवा,
आधी हाडाची रेघ. ती ठाम असते.
मग बाहेरची.
कपाळ, नाक, ओठ, हनुवटी,
सगळं पुसट; हिच्यावर शिसं हलकं टेकवायचं,
झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं.

ताम्ता आली तेव्हा एकोणीस वर्षांची.
खालचा जबडा पुढे, अर्धवट उघडा राहिलेला खण.
शोती पावाचं निमुळतं टोक
पुढच्या दातांनी तिला कधी तोडता आलं नव्हतं.
दाढेत धरायचं, मान वाकडी करायची, आणि हिसडा.
हसताना हात तोंडावर.

लोमताद्झे डॉक्टर म्हणाले,
हाड सात मिलिमीटर मागे नेऊ,
हनुवटी निमूट त्याच्यामागे जाईल,
खालचा ओठ थोडा रेंगाळेल.
वरचा जबडा पुढे घेतला
तर वरचा ओठ निम्म्या वाटेपर्यंतच येतो,
आणि नाकपुड्या पसरायला बघतात,
त्यांना आतून टाका घालू.
मी खुणा करत होतो.
हाडाचं गणित होतं. मांसाचा नुसता अंदाज.

दहाव्या दिवशी आई, म्झिया, जिन्यात मला म्हणाली,
ही कोण आणून ठेवलीत?
चेहरा फुगलेल्या कणकेसारखा,
डोळ्यांखाली जांभळं, मग हिरवं, मग पिवळं,
आलुबुखार उलटे पिकत जावेत तसं.
हाड पहिल्याच दिवशी जागेवर पोचलं होतं.
मांस वर्षभर येत राहिलं,
सामान घेऊन मागून येणाऱ्या माणसासारखं
थांबत, धापा टाकत.

वर्षाने तिने जुना कागद मागितला.
खिडकीच्या काचेवर मी दोन्ही एकावर एक धरले.
कपाळाशी एकच रेघ. नाकाखाली फुटलेली,
खाली परत गळ्याशी मिळालेली.
मधल्या फटीत तिने करंगळीचं नख ठेवलं. जेमतेम मावलं.
"एवढंच होतं?"
मला काही सुचलं नाही. मी डबा उघडला.

तिने शोतीचं टोक पुढच्या दातांत धरलं.
कट्.
मान सरळच होती.
आंबट चटणीचा एक थेंब हनुवटीवर उतरला.
तिथली कातडी अजून बधिर,
तिला पत्ता नाही, मी सांगावं की नाही या विचारात,
तेवढ्यात ती हसली
आणि हात, सवयीचा, तोंडाकडे गेला.

बोटांना ओल लागली
तेव्हा कुठे तिला कळलं.