परदेशी, असामी एक

अमळनेरच्या सराफ्यात विसपुते आप्पांनी
कडं काट्यावर ठेवलं, भिंग लावलं,
आणि सोनं किती, तांबं किती हे सांगायच्या आधीच म्हणाले,
"हाई कोना हातनं शे, भाऊ?"

म्हटलं, आमच्या मूळपुरुषाचं.
दलथंबनसिंग. बुंदेलखंडातून चाकरीला आला
बोरीकाठच्या गढीवर, दरमहा सात रुपये,
तेव्हा दोघे सख्खे भाऊ जहागिरीपायी
एकमेकांच्या उभ्या ज्वाऱ्या जाळत होते.
भाऊबंदकी त्यांची, माणसं आमची.
थोरल्याकडे परदेशी, धाकट्याकडेही परदेशीच,
मराठी कुणालाच धड येत नव्हतं.
"मारा" तेवढं कळायचं.

दिंडीदरवाजा त्यानं एकट्यानं धरला म्हणतात,
दुपारपासून दिवेलागणीपर्यंत.
आजोबा सांगायचे तेव्हा समोर दोनशे होते,
वडिलांच्या तोंडी चाळीस उरले.
आत्या एकटीच सांगायची
की शेवटी जो पडला तो
"दद्दा, पानी" म्हणाला,
याच्याच बोलीत.
पाणी दिलं का गं, विचारलं
की ती शेंगा सोलत राहायची.

धुळ्याला एका दफ्तरात ओळ सापडली,
मोडी वाचणाऱ्याला पन्नास रुपये दिले:
दरवाजा राखिला सबब
परदेशी असामी १, यासी कडे १.
नाव नाही.
नावाच्या जागी जे लिहिलं
तेच पुढं आमचं आडनाव झालं.

सहा पिढ्या अहिराणीतच भांडलो,
कानबाई बसवली, रोट खाल्ले,
कळण्याच्या भाकरीवाचून घास उतरला नाही,
आणि दाखला काढायला गेलो की
कारकून अजून मान वर न करता विचारतो,
मूळचे कुठले?

आप्पांनी कडं माझ्याकडे सरकवलं.
"घालीसन देख."
अंगठ्याच्या मुळाशीच अडलं.
साबण लावला. तरी नाही.
तेवढ्यात त्यांची नात चहा घेऊन आली,
नववीतली, हडकुळी.
तिच्या हातात सहज गेलं,
जरा सैलच.

आम्ही एवढी वर्षं
त्याला मिशा लावत होतो.

"वजन सांगू?" आप्पांनी विचारलं.
म्हटलं, राहू द्या.
पोरगी कडं काढायचं विसरून
रिकामे कप उचलायला लागली,
आणि कपाच्या कानाला लागून ते
दोनदा वाजलं.