वरची पाचवी खिडकी

बाहेरून मोजल्या तेव्हा वर पाच खिडक्या.
आतून मोजल्या तेव्हा चार.
पुन्हा जिना चढले. चार.
वहीत प्रश्नचिन्ह काढलं
आणि पायरीवर बसून डबा उघडला.

किल्ल्यांचा जुडगा सांभाळणाऱ्या ब्रिजिटबाई ग्रेशस
हसल्या. "ती खोटी हाय गो."

माझगावात, गोदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
ज्या कुणा गोऱ्या व्यापाऱ्यानं हे बांधलं
त्यानं विलायतेहून नमुन्यांचं पुस्तक आणलं असणार:
मधोमध दार, दारावर अर्ध्या चंद्राची काच,
डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच,
एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही.
पुस्तकात शेकोटी, म्हणून इथेही शेकोटी.
माझगावात!
तिच्यात आता गॅसचा सिलिंडर बसतो,
डोक्यावर संगमरवरी फुलांची माळ घालून.
आणि जिना जिथे वळला
तिथे खिडकी काही बसेना.
बाहेर तर पाच हव्यात.
मग चौकट केली, काचा लावल्या, काचांना मागून काळा रंग,
त्यामागे अडीच फूट वीट आणि चुना.

तातू मेस्त्री कुडाळचे.
त्यांनी दुसऱ्या खिडकीची बाजूची फळी उचकटली तर
भिंतीच्या पोटात शिसं लोंबकळत होतं,
सुती दोरीला, दोन्हीकडे सारख्या वजनाचं.
"म्हणान झडप वर जाता आणि थंयच रवता."
एका बोटानं त्यांनी काच वर सारली.
आत आला गोदीचा वारा:
गंज, डिझेल, कुठेतरी वाळत असलेले बोंबील.

पाचवीची पाळी आली तेव्हा मी म्हटलं,
तातू, ही उघडत नाही, नुसता रंग मारा.
ते परांचीवर चढले ते दुपारपर्यंत उतरलेच नाहीत.
पटाशीनं कुजका सागवान काढला,
नवा तुकडा सांधला, रंधा मारला,
आणि बाजूच्या खाचेत दोरीसुद्धा ओवली.
दोरी कशाला?
"बाकीच्या चारांक दोरी आसा.
मग हिनाच काय घोडा मारल्यान?"

खाली ब्रिजिटबाई तांदूळ निवडत होत्या.
लहानपणी त्या खिडकीत त्यांची मैत्रीण राहायची म्हणे.
अंगणातून हात केला की तीही हात करायची.
नाव? नाव विसरले बघ.

ऑफिसात दोन कागद दिले.
आडव्या छेदात तिथे भिंत आहे, भरीव, रेघारेघांची.
दर्शनी चित्रात खिडकी आहे, बारा काचांची.
हिशेबनीस कारखानीसांनी तातूंचं बिल परत पाठवलं:
खिडक्या चार, मजुरी पाचांची कशी?
मी लाल पेनानं शेरा मारला: पाच.

शेवटच्या दिवशी निघताना सहज वळून पाहिलं.
दिवे लागले होते. चार खिडक्यांतून
पंखा, टॉवेल, कुणाचं तरी कपाट दिसत होतं.
पाचवीत सगळं बाहेरचं:
गोदीतली क्रेन, समोरचा भेंडीचा वृक्ष,
आणि फुटपाथवर, फीत काखेत धरून,
हात वर करावा की नाही या विचारात कुणी बाई.