यात तडा कुठे आहे?

माझं काम पुलाच्या पोटाखालचं.
भरती उतरली की पदाजी होडी काढतो,
मी कॅमेरा ओढणीत गुंडाळते
आणि आम्ही वाशीच्या पुलाखाली शिरतो,
आजारी हत्तीच्या खाली शिरावं तसे,
हळू, त्याला कळू न देता.

वरून लोक बघतात तो पूल वेगळा.
माझ्या पुलाला चुन्याचे ओघळ आहेत,
गंजाचे डाग, पाकोळ्यांची घरटी,
आणि केसाएवढे तडे.
त्यांच्या शेजारी मी स्टीलची पट्टी धरते,
खडूनं आकडा लिहिते, तारीख लिहिते,
मग फोटो.
पट्टीशिवायचा फोटो साहेबांना चालत नाही.
किती मिलिमीटर, हे ठरल्याशिवाय
दुखणं हे दुखणं नसतं आमच्या खात्यात.

वरून ट्रक गेला की सांध्यात खट्-खट् होतं.
पदाजी म्हणतो,
"बाय, यो नुसता चावतंय, गिलत नाय."

सहानंतर मी माझी.
गावच्या धक्क्यावर तिवई रोवते,
पूल पाठीशी घेते
आणि दक्षिणेकडे तोंड करते,
जिथे पाम बीचच्या कडेनं टॉवर दिवे लावून घेत असतात
बायका कानातले घालतात तसे,
आधी एका बाजूचे, मग मान वळवून दुसऱ्या.

हे फोटो कुणी मागितलेले नाहीत.
का काढते, विचारू नका.
मला त्या इमारती आवडत नाहीत,
म्हणजे दिवसा नाही आवडत.
दिवसा नणंदेकडे जाताना मी त्यांच्या गेटवर
नाव, मोबाईल नंबर, कामाचं स्वरूप लिहून आत जाते.
पण अंधारात त्या पाण्यात उलट्या उतरतात
आणि घशाशी काहीतरी येतं,
हेवा म्हणावा तर गोड,
घरची ओढ म्हणावी तर घर तिकडे नाही.

म्हणजे आहे. तिकडेच आहे.
नेरूळला, सिडकोची इमारत, तिसरा मजला,
गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी,
आणि दिवा, मी मुद्दाम चालू ठेवून आलेला.
पण दोन टॉवरांच्या मागे जातो तो.
किती जागा बदलल्या, तिवई किती वर केली,
आमची उंची क्षितिजाला पुरतच नाही.

त्या संध्याकाळी पदाजीला म्हटलं,
नाखवा, जरा होडीत उभे राहा,
मी तीस सेकंद मोजते, हलू नका.
उभा राहिला, छाती काढून,
लग्नाच्या फोटोत असतात तसा.
शटर उघडं. मी मोजत होते.
पाण्याला कुणी सांगितलं नव्हतं.

टॉवर आले, खिडकी न् खिडकी.
क्रेनच्या टोकाचा लाल दिवासुद्धा आला.
आणि सगळ्यात जवळ उभा होता तो
सगळ्यात पुसट.
होडीवर थोडासा धूर,
धुराला टोपी.
त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.
"बरा झाला," म्हणाला,
"बायकोला सांगन, मी नव्हतूच."
हसलो आम्ही.
मग तो जाळं झटकत बसला बराच वेळ,
झटकून झालं होतं तरी.

सोमवारी अठ्ठेचाळीस फोटो पाठवले,
त्यात तोही गेला, चुकून.
साहेबांची एक ओळ आली :
"क्र. ३१, यात तडा कुठे आहे? पट्टी का नाही?"

मी लिहिलं,
डावीकडे, खाली. रुंदी : एक माणूस.
खोडलं.
दोन टॉवरांमधल्या काळ्या भागाच्या मागे.
तेही खोडलं.
चुकून आला, क्षमस्व, असं पाठवून दिलं
आणि एकतीस नंबर रिकामा ठेवून
बत्तीसपासूनचे तसेच राहू दिले.

ओहोटी साडेचारला होती.
धक्क्याशी पदाजी होडी धरून उभा होता,
कडेकडेनं अगदी स्पष्ट.