बस मी होतो

कंग्राळीच्या जत्रेत स्टेजवर बस नव्हती.
दोन बाकडी, एक दोरी,
आणि कंडक्टर गुंडूच्या खाकीत लुमाण्णा मोदगेकर.
बस मी होतो.
विंगेत उकिडवा बसून तोंडानं इंजिन करायचो,
जांबोटीचा चढ घशातून काढायचो,
डबल बेलला पितळी तांब्या आणि चमचा.
मी दुसरा गिअर टाकला की
लुमाण्णा गुडघ्यातून हलायचा,
त्याच्यामागं अख्खं पटांगण हलायचं.

तीन नाटकं, बावीस वर्षं.
शिनोळीच्या नाक्यावर गाडी थांबली की तो म्हणायचा,
"मावशी, कोंबडीचं तिकीट हितपातूर हाफ.
फुडं तिचं राज्य बदलतंय."
लोक दरवेळी त्याच जागी हसायचे.
हसू घरूनच घेऊन यायचे, नारळासारखं.

आता पुण्याहून पोरं आलीत.
नवा गुंडू, मोबाईलवर बघायची मालिका, आठ भाग.
नव्या गुंडूचे दंड फुगलेले,
पण लुमाण्णाच्या पाया पडताना
टोपी काढून हातात धरली, तेवढं मला आवडलं.
जुना गुंडू सहाव्या भागात,
पेन्शनचा कागद घेऊन, चार सीन.

भाषा शिकवायला एक बाई होत्या.
"काका, 'जाऊलैस' म्हणा. शेवट जरा ओढून."
लुमाण्णा त्र्याहत्तर वर्षं तेच बोलतोय.
त्यानं ओढून म्हणून दाखवलं,
बाहेर येऊन माझ्याकडं बिडी मागितली.
"मी चुकूलोय म्हणे," म्हणाला.
"आमच्या आईलाबी कुणीतरी सांगायला पायजे होतं."

शर्ट नवाच शिवलेला,
चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला.
चिमटा मात्र त्याचाच, तिकिटाला भोक पाडायचा.
खिशातून काढून दोनदा हवेत वाजवला
तेव्हा कॅमेऱ्यामागची पोरं गप्प झाली.

शूटिंग खानापुरात, नदीकडच्या माळावर.
भंगारातली खरी बस, वर नवा लाल रंग,
पाटीवर दोन लिप्यांत बेळगाव.
वरती कुठली, खालती कुठली,
यात सकाळचा एक तास गेला.
इंजिनाच्या जागी पोकळी, चिमण्यांनी आणलेलं गवत.
आवाज नंतर घालणार, मुंबईला.
चार पोरं बाहेरून बस हलवत होती.

लुमाण्णा उभा राहिला. हलेना.
परत. हलला, पण
कुणीतरी पाळण्यात बसवून ढकलल्यासारखा.
वाक्य कोरडं आलं.
कोंबडी मधेच ओरडली, तिचंच बरं वाटलं.
नऊ वेळा.
डायरेक्टरनं घड्याळ बघितलं नाही,
पण बघायचं टाळताना दिसला.

मग लुमाण्णानं खिडकीतून मान काढली,
गर्दीत मला शोधलं.
"सिद्राय, गाडी बंद हाय की रे."

माझे पुढचे दात गेलेत. दम्याचा फवारा खिशात.
तरी चढलो,
ड्रायव्हरच्या सीटमागं उकिडवा बसलो,
कॅमेऱ्याला दिसणार नाही असा. सवय आहे.
आणि सुरू केली.

पहिला गिअर फुसकला, फटीतून नुसती हवा.
दुसऱ्याला घसा तापला.
मला तिथून त्याचा फक्त गुडघा दिसत होता.
गुडघा वाकला.
रोजंदारीवर बसवलेल्या बायका
कुणी न सांगता एका अंगाला कलल्या.
मी नाका जवळ आणला, ब्रेक ओढला, लांब,
छाती दुखेपर्यंत.
"मावशी," तो म्हणाला, आणि थांबला
तेवढाच, जेवढा पूर्वी थांबायचा.
बाहेर बस हलवणारी पोरं
हलवायचं विसरून ऐकत उभी होती.

सीन झाल्यावर आवाजवाला पोरगा जवळ आला,
कानावरचं काढून, जरा लाजत.
"काका, छान होतं.
पण तुमचा आवाज नंतर काढून टाकावा लागेल."

मी फवारा मारला, दोनदा.
"काढा की," म्हटलं,
"गाडी पोचल्यावर."