मोठ्यानं बोल

मोह गळायला लागला की आत्याबाई
पहाटेची पायवाट बंद करतात.
तांबडं फुटू दे, म्हणतात,
फुलं काय पळून नाही जात.
शेजारपाजारचे चारलाच टोपल्या घेऊन निघतात,
आत्याबाई चुलीपुढं बसून
काळ्या चहात गूळ ढवळत राहतात.

मी पाचपावलीची.
तिथली भीती म्हणजे
शिफ्ट सुटल्यावर मागं येणारी मोटारसायकल,
पुलाखालची कुत्री.
इथं, देवलापारच्या अलीकडे,
जिथं जबलपूर रोडचे ट्रक ऐकू येतात पण दिसत नाहीत,
भीतीला केस आहेत,
आणि छातीवर पांढरा विळा.

“त्याले लांबचं दिसत नाही,” आत्याबाई सांगतात,
“वारुळात तोंड घातलं का ऐकूबी येत नाही.
आपुन चोरपावलानं गेलो अन् एकदम समोर,
तं त्यालेच भेव वाटते.
भेलेला जीव काय करते, मले इचार.”

हे सांगताना त्यांचा डावा गाल हलत नाही.
डाव्या डोळ्याच्या जागी
मेडिकलच्या डॉक्टरांनी शिवलेली मांडीची कातडी आहे,
इतकी उन्हं झाली तरी
ती मांडीसारखीच उजळ राहिली.
त्या दिवशी मोहही नव्हता.
हातात टमरेल होतं,
घरापासून चाळीस पावलं.
ती पावलं त्या अजून मोजून दाखवतात,
पाहुण्यांनासुद्धा.

पळायचं नाही.
झाडावर चढायचं नाही, ते आपल्याआधी चढते.
काळ्याला सोबत न्यायचं नाही;
कुत्रा भुंकत जातो
आणि अस्वलाला घेऊन परत आपल्याकडेच येतो.
अंगावर आलंच तर पालथं पडायचं,
मानेमागं हात, तोंड मातीत.
“तोंड वाचव व पोरी. बाकी सारं शिवता येते.”

आणि चालताना मोठ्यानं बोल.

हे मात्र मला जमेना.
लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासरे म्हणाले होते,
सुनेचा आवाज ओसरीच्या बाहेर नको.
नळावर चार जणींना पुरून उरणारा माझा गळा
दीड वर्ष मी घडी घालून ठेवला होता.
पहिल्या सकाळी मी नुसतंच खाकरले,
म्हटलं, “कोणी आहे का?”
“बँकेत आली का?” आत्याबाई वैतागल्या,
काठी दगडावर आपटत पुढं झाल्या.

मग मी पाढे म्हटले. सतराला अडकले.
मग ऑटोवाल्यांसारखी ओरडले,
बर्डी, बर्डी, बर्डी, एक सवारी, बर्डी!
पळसावरचे पोपट उडाले.
आत्याबाई इतक्या हसल्या
की त्यांच्या एका डोळ्याला पाणी आलं.

आठवडाभरात बर्डी संपली.
उरलं ते तेवढंच, जे घरात बोलता येत नव्हतं.
माझं शिलाई मशीन
न विचारता विकलं, बोअरसाठी,
आणि बोअरमधून नुसता भुसभुशीत फुफाटा निघाला,
हे मी सागांना सांगितलं. वारुळांना सांगितलं.
आत्याबाई पुढं चालत होत्या,
सख्ख्या भावाबद्दल ऐकत होत्या,
काही बोलल्या नाहीत.

नाल्याच्या वळणावर ते होतं.
नाकाला लाल माती, उभं राहून वास घेत.
आत्याबाईंनी हात मागं करून
माझा पदर धरला.
मी थांबले, तोंड थांबलं नाही.
आवाज आपोआप खाली आला,
पाय एकेक मागं,
पाठ न फिरवता,
“...आणि ते मशीन माझं होतं,
माझ्या मायनं भिशीच्या पैशातून घेतलेलं,
माझं होतं...”
त्यानं शेवटपर्यंत ऐकलं असं मी म्हणणार नाही.
ते चार पायांवर आलं
आणि कंटाळल्यासारखं नाल्यात उतरलं.

त्या दिवशी अर्धी टोपलीच भरली.
ओसरीवर सासरे दात घासत बसले होते.
“सकाळी सकाळी एवढा कोनाचा आवाज होता व?”

मी सांगितलं.
आवाज खाली करायचा राहून गेला.
अंगणात फुलवंता आत्याबाई
फुलं वाळत घालत होत्या,
एकेक सुटं करून,
फार वेळ.