डिस्प्ले गेलेला, आवाज चालू

गुदैबियात शुक्रवारी आम्ही चारला शटर वर करतो.
सव्वाचारला वार्सिना आली,
रुमालातला फोन दोन्ही हातांनी पुढे केला.
"मॅडमचा मुलगा. जिना. तिसरी पायरी."
एवढी अरबी तिला येते, मलाही एवढीच.

काच तडकलेली, आत शाई सांडलेली.
दुबईहून मागवतो, रविवारी येईल,
मी सांगत होतो, ती घड्याळ बघत होती.
"पाचला मुलगी आहे," म्हणाली.
मला वाटलं, दवाखान्यात.
टीव्हीवर! जकार्ताहून थेट,
दांगदूतची स्पर्धा, शेवटच्या आठजणी.

आंधळ्या पडद्यावर तिचं बोट आठवणीनं फिरलं,
वर, डावीकडे, खाली, एकदा दाब,
आणि काळ्या काचेतून टाळ्या बाहेर आल्या.

निवेदक. नूडल्स. कुणीतरी रडतंय. शाम्पू.
काय दिसत असेल ते ती सांगत राहिली:
आता धूर सोडतील.
आता परीक्षक बाई, पापण्या एवढ्या,
तिनं बोटाचं पेर दाखवलं.
आता देविता. हिरवा झगा, पैसे मीच पाठवले,
पण बाह्या मनगटापर्यंत हं,
तिची आजी रागावते.

आणि मग ढोलकी.
शपथेवर सांगतो, ढोलकी.
तिकडे तिला काहीही म्हणोत,
तो उघडा दांग, तो दाबलेला दूत
राजापूरच्या उरुसात माझा चुलता काढायचा,
ज्याला घरात कुणी वाजवू देत नसे.
पार्सलवाला पेशावरी हेल्मेटसकट मान हलवू लागला,
म्हणाला, ये तो हमारा है.
वार्सिना म्हणाली, नाही. इंद्रामायूचं.
कुणी वाद घातला नाही.

गाणं चांगलं की वाईट, मला काय कळणार?
एका जागी आवाज चिरला
तेव्हा वार्सिनाचा तळवा फोनवर गेला,
पाठीवर जावा तसा.
ती निघाली तेव्हा मुलगी सहाची होती. आता सतरा.

मतं फक्त तिकडच्या नंबरावरून.
माझ्या फोनवरून पाठवून पाहिलं.
सेवा उपलब्ध नाही, आधी अरबीत, मग इंग्रजीत.

सातला मॅडमकडे पाहुणे.
निकालाआधीच तिला निघावं लागलं,
फोन माझ्याकडे.
पावती फाडली: डिस्प्ले बारा दिनार, आगाऊ पाच.
गिऱ्हाईकं येत गेली, चार्जर, रिचार्ज,
काउंटरवर काळी काच बोलत राहिली.

साडेआठला निवेदक थांबला. फारच वेळ थांबला.
"देविता," म्हणाला. मग काहीतरी.
मग पुन्हा "देविता."
टाळ्या, हुंदका, पुन्हा टाळ्या.
जिंकली तरी रडतात तिथं,
घरी पाठवतात तिलाही फुलं देतात,
हे वार्सिनानंच सांगितलेलं.

रविवारी येईल, विचारेल, काय म्हणाले?
दोन नावांमधलं ते काहीतरी
मी पावतीच्या मागे लिहून ठेवलंय,
ऐकलं तसं, देवनागरीत.
वाचून दाखवीन.
एखादी वेलांटी चुकली असेल
तर अल्ला जाणे, मुलीचं काय होईल.